मालकांच्या कानामागची पेन्सिल

आमचे महाडचे घरमालक कानामागे कायम एक पेन्सिल अडकवून ठेवत, आणि दुसऱ्या कुणी लाकडावर पेन्सिल टेकवली की अंगावर धावून येत. या दोन गोष्टींचा मेळ मला आजतागायत लागलेला नाही.

पेन्सिल लाल रंगाची, चांगली टोकदार. चष्म्याची दांडी, पेन्सिल आणि थंडीत मफलर अशी त्या एका कानावर एवढी गर्दी व्हायची की कान थोडा पुढे वाकला होता. आंघोळीला जाताना ती खिडकीत ठेवली जाई, आणि ओल्या अंगानं बाहेर आल्यावर बनियनच्या आधी ती जागेवर जाई. कुणाच्या लग्नाला निघाले तरी पेन्सिल असेच. फक्त लाकडावर ती कधी टेकली नाही. रेघ मारायची ती चाकूच्या टोकानं.

"पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते," ते म्हणायचे. "मग करवत कुठून चालवणार? रेघेच्या आतून, का बाहेरून? चाकूच्या रेघेला जाडी नाही. तिथं वादच मिटला."

"मग ही कशाला बाळगता?" मी एकदा कानाकडे बोट दाखवून विचारलं.

"सुताराच्या कानामागं पेन्सिल असते."

"पण मालक, तुम्ही ती वापरत नाही."

"सुतार तुम्ही आहात का मी?"

खरं म्हणजे दोघंही नव्हतो. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर खांबांवर तारा ओढलेले. मी एका शाळेच्या कचेरीत दाखले लिहिणारा. पण प्रश्न असा ठणकावून आला की मी क्षणभर खरंच विचारात पडलो. त्यांच्याकडे असं नेहमी व्हायचं. घरून एक साधी शंका घेऊन निघायचं, आणि परत येताना ती शंका तशीच असायची, वर तिला सोबत मिळालेली असायची.

त्यांच्या घराच्या मागच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. मधे पडवी. तिला ते वर्कशॉप म्हणत आणि मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, भुशाची खोली म्हणत. नवा माणूस पडवीत शिरला की आधी हत्यारं शोधत राही, कारण ती सगळी डोक्याच्या वर टांगलेली. महाडात नदी अधूनमधून घरात येऊन जाते. तिनं भिंतीवर सोडलेली मातकट रेघ असते, आणि शहाणी माणसं तिच्या वर संसार मांडतात. मालकांनी रेघेच्या वर आणखी हातभर सोडून खिळे मारले होते. त्यामुळे साधी पटाशी काढायची तरी स्टुलावर चढावं लागे. स्टूल त्यांनी स्वतः केलेलं, तीन पायांचं.

"चार पायांचं स्टूल डुगडुगतं. तीन पायांचं कधी नाही. जमीन कशीही असो."

हे बरोबर होतं. ते डुगडुगायचं नाही. ते सरळ कलंडायचं.

खिळे आणि स्क्रू यांची व्यवस्था तर बघण्यासारखी. फळीच्या खालच्या अंगाला बरण्यांची झाकणं स्क्रूनं पक्की बसवलेली, आणि बरण्या त्यांना खालून फिरवून लटकवलेल्या. "काचेतून माल दिसतो, सांडत नाही, जागा खात नाही," असं ते मला प्रत्येक वेळी नव्यानं दाखवत. बरण्या काकूंच्या होत्या. काकू उमरठकडच्या, बोलणं अजून तिकडचंच.

"भावजी, तुमीच सांगा," त्या मला म्हणाल्या, "मी लोनचं कशात घालू? बरनी हाय तर झाकान नाय. झाकान छताला."

"मग बरणी तिथंच लाव," मालक रंध्यावरून मान न उचलता म्हणाले.

आणि काकूंनी खरोखरच लावली. पुढची कितीतरी वर्षं त्या घरातलं कैरीचं लोणचं पाऊण इंची स्क्रू आणि बिजागऱ्या यांच्या मधे उलटं टांगलेलं होतं. जेवायला बसताना काकू पडवीत जाऊन बरणी फिरवून काढायच्या. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. मला आधी वाटायचं, मग वाटेनासं झालं, आणि हे जास्त काळजीचं होतं, असं आमची ही म्हणते.

हवामानाचा अंदाजही त्या घरात लाकडावरूनच निघायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाला एक खण होता. मालक रोज सकाळी तो ओढून बघत. सुळकन आला की छत्री नको. अडकला की, "हवेत पाणी आहे." एका सकाळी खण इतका घट्ट बसला की त्यांनी सगळ्या आळीला सामान वर चढवायला लावलं. दिवसभर ऊन पडलं. संध्याकाळी काकूंनी खणात हात घालून आडवी अडकलेली पळी बाहेर काढली. मालक पळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खणानं त्याचं काम केलं."

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो आमच्या कपाटाच्या दारामुळे. बिजागरीचा स्क्रू नुसता गोल फिरायचा, धरायचा नाही. मी मोठा स्क्रू मागायला गेलो. त्यांनी मला काडेपेटी दिली.

"गूल मोडून टाका. काडी गोंदात बुडवून भोकात घाला, मोडा, आणि तोच स्क्रू फिरवा."

केलं. दार पक्कं बसलं. इतकं पक्कं की मला आपण हाताचे कारागीर आहोत असा भ्रम झाला. मी रोज संध्याकाळी पडवीत जाऊ लागलो. तिथं मिळणारं प्रत्येक ज्ञान खरं असायचं, आणि कालच्या ज्ञानाच्या नेमकं उलट असायचं.

"खिळ्याचं टोक आधी हातोडीनं चेचून बोथट करा, मग ठोका," ते म्हणाले. "टोकदार खिळा रेघांमधे पाचरीसारखा शिरतो आणि फळी फाडतो. बोथट खिळा वाट चिरडत जातो, फळी शाबूत."

"म्हणजे बोथट चांगलं."

"पटाशी मात्र धारदार. बोथट पटाशीला जोर लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की थेट हातात."

मी हे सगळं घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "म्हणजे जे टोचायचं ते बोथट आणि जे कापायचं ते धारदार," ती म्हणाली. "विळीला काय करू, ते विचारून या."

सगळ्यात अवघड प्रकरण फटीचं. खुर्चीचा सांधा दाखवताना ते म्हणत, "फट दिसली की काम कच्चं." दार दाखवताना म्हणत, "फट ठेवली नाही तर काम कच्चं." मी विचारलं, मग पाट, चौरंग, फळ्या यांचं काय? त्यावर त्यांनी मला लाकडाच्या रेघा दाखवल्या. झाड जसं उभं वाढतं तशा त्या रेघा पळतात.

"लाकूड लांबीला वाढत नाही," ते म्हणाले. "पावसाळ्यात ते रेघांच्या आडव्या अंगाला फुगतं. माणसासारखंच. एका वयानंतर उंची वाढते का?" आणि त्यांनी माझ्या पोटाकडे अशा सहानुभूतीनं पाहिलं की तो धडा तरी माझ्या लक्षात राहिला. म्हणजे राहिला असं मला वाटत होतं.

आता पाटाचं सांगतो. आमचं गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला फाटा फुटतो तिकडे. तिथल्या घरात आई एकटी राहते. दादा डोंबिवलीला, मी महाडला. वर्षातून एकदा गणपतीला सगळे गावी जमतो. आमच्याकडे घरचा लाकडी पाट गावातल्या मूर्तिकाराच्या कारखान्यात आधी पोचवायचा असतो. तो त्या पाटावरच मूर्ती घडवतो आणि चतुर्थीला आपण पाटासकट गणपती डोक्यावर घेऊन घरी यायचं. पाट आजोबांच्या वेळचा. एका वर्षी आईनं तो माळ्यावरून काढला आणि त्याच्या कडा तिच्या हातातच राहिल्या. वाळवी.

दादानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, मी बोलणारच होतो. सुट्टी मिळत नाही, गाड्यांना ही गर्दी, घर जुनं झालंय. पुढच्या वर्षीपासून गणपती डोंबिवलीला आणू. आईलाही इकडंच आणू."

त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती, ही खरी पंचाईत. पण गणपती गेला की आईला त्या घरात राहायला कारण उरत नव्हतं. हे दादाला कळत होतं, मला कळत होतं आणि आईला तर सगळ्यात आधी कळलं असणार. तिला मी विचारलं, तर म्हणाली, "तुमी दोघं ठरवाल तसं," आणि अंगणातल्या मिरच्या उलथ्यापालथ्या करायला लागली. मघाशीच उलथ्या केलेल्या होत्या.

मी दादाला म्हणालो, "पाट मी करतो."

"तू?" दादा हसला. "तू शाळेत असताना पतंगाची काडी मोडायचास."

"मी आता शिकलोय."

"बरं," तो म्हणाला. "पाट कर. मखरात नीट बसला तर गणपती गावातच. नाही बसला तर डोंबिवली. कबूल?"

कबूल, असं मी म्हणालो. कुठल्या भरवशावर म्हणालो ते विचारू नका. माझ्या नावावर तोवर एक स्क्रू होता.

मालकांना सांगितलं, तर त्यांनी पिशवीत करवत टाकली आणि माझ्याबरोबर पोलादपूरच्या एसटीत बसले. मखर आजोबांचं, माजघरात मागच्या भिंतीला लागून, चार खांबांचं, बाकी तिन्ही बाजूंनी उघडं. पाट पुढून त्या खांबांमधे सरकवायचा. मी टेप काढला. मालकांनी तो माझ्या हातातून घेऊन खिशात टाकला.

"टेपवर आकडा असतो आणि माणूस आकडा विसरतो. मोजायचं नाही. धरून बघायचं."

त्यांनी कुडाची एक काठी घेतली, दोन खांबांमधे धरली, चाकूनं टवका मारला आणि कापली. काठी खांबांमधे अलगद उभी राहिली. "हीच तुमची पट्टी. ही विसरत नाही."

आई कोकमाचं सरबत घेऊन आली. मालकांकडे बघत म्हणाली, "ही पेन्सिल कशापायी हो?"

"सुताराच्या कानामागं पेन्सिल असते."

"बरं," आई म्हणाली. एवढं सरळ उत्तर त्यांना जन्मात पहिल्यांदाच मिळालं असावं. ते खूष झाले. मखर, माजघर, स्वयंपाकघराचं दार सगळीकडे फिरून आले आणि आईला विचारलं, "आरतीला तुम्ही कुठं उभ्या असता?"

"मी कुटं उभी राहनार? मोदक कोन उकडेल? मी चुलीकडं. मला आरती ऐकू येते तेवडी." आणि ती हसली. "बाजूनं कान दिसतो त्याचा. सोंड नाय दिसत."

मालक हं म्हणाले. मीही ऐकलं. पण मी त्या वेळी काठी कशात गुंडाळून न्यायची या विचारात होतो.

पाट फणसाचा करायचा ठरला. मालकांकडे माळ्यावर काही पावसाळे काढलेली, हळदीसारखी पिवळी फळी होती. "घरातली हवा खाल्लेलं लाकूड आहे, आता नवे चाळे करायचं नाही," ते म्हणाले. माझ्या हातून रंधा चालवून घेतला. मी उलटा चालवला की लाकूड खवल्यासारखं उभं राही आणि ते माझा हात धरून फिरवत. "मांजराच्या पाठीवरून कसा हात फिरवतो? शेपटीकडून डोक्याकडं फिरवा बरं, काय होतं ते बघा." काकूंच्या मांजरावर मी ते करून बघितलं नाही. लाकडावर मात्र पुष्कळदा केलं.

पाट चौरस झाला. रेघा डावीकडून उजवीकडे ठेवायच्या, म्हणजे पावसात पाट फुगला तर पुढे-मागे फुगेल आणि खांबांना अडणार नाही, असं ठरलेलं. बाजूंना त्यांनी सुताएवढीच फट ठेवायला लावली.

"एवढीच?" मी म्हणालो. "फट ठेवली नाही तर काम कच्चं ना?"

"फट दिसली तर काम कच्चं," ते म्हणाले.

पण चौरस पाटाची पुढची बाजू कुठली, हे मूर्तिकाराला कळणार कसं? मी म्हणालो, वरती खूण करू. मालक म्हणाले, "खूण कधी दर्शनी बाजूला करायची नाही. खाली." म्हणून मी पाट उलटा करून पुढच्या कडेला चाकूनं बारीक रेघ मारली. पाटावर माती बसल्यावर तो उलटा कोण करणार, ही शंका तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. त्यांच्या आली का, हे मला माहीत नाही. शाळेत प्रवेशाची धांदल होती, म्हणून पाट मूर्तिकाराकडे मालकांनीच पोचवला.

चतुर्थीला पाऊस असा लागला होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आदल्या दिवशी दादा, वहिनी वीर स्टेशनवर उतरून आले होते. सकाळी आम्ही कारखान्यातून गणपती आणला. मी डोक्यावर, दादा वर छत्री धरून. रस्ताभर तो पाटाकडे बघत होता. "काम बाकी साफ केलंयस," तो म्हणाला. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

घरी आलो, ओवाळणं झालं, पाट मखराशी टेकवून सरकवला. अर्ध्या बोटावर जाऊन थांबला.

पुन्हा सरकवला. थांबला. दादानं एक बाजू धरली, मी दुसरी. फार नाही, नखाएवढा पाट मोठा होता. डाव्या खांबापाशी सोडवला की उजवीकडे अडे. वहिनी पदर तोंडाला लावून उभी. आतून आईनं विचारलं, "बसला काय रे?"

दादा माझ्याकडे बघत म्हणाला, "मी काही बोलत नाही." दादा असं म्हणतो तेव्हा सगळं बोलून झालेलं असतं.

रंधा मारावा, असं माझ्या मनात आलं. पण वर ओलसर मातीची मूर्ती. एक धक्का आणि सोंडेला तडा. मग मी मालकांना फोन लावला. आमच्याकडे फोन लागतो तो फक्त ओट्याच्या कोपऱ्यात, पागोळ्यांखाली. मी छत्री धरून उभा, आणि दादा दारातून माझं बोलणं आत मूर्तीला ऐकवल्यासारखा आत-बाहेर करत होता.

"पाट बसत नाही, मालक!"

"लाकडाच्या रेघा कुठं पळतायत?"

"आता हे काय?"

"बघून या."

आत गेलो, वाकून बघितलं. परत पागोळ्यांखाली. "पुढून मागे पळतायत."

मग मालक एकदम शांतपणे म्हणाले, "म्हणजे लाकूड चुकलेलं नाही. गणपती आडवा बसलाय."

मूर्तिकारानं मूर्ती पाटाच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून घडवली होती. त्यामुळे रेघा फिरल्या, आणि पाट जिथं फुगायला नको तिथं फुगला. एवढं मला कळलं. पुढं काय, ते कळेना.

"पाट वळवा," मालक म्हणाले. "बसेल."

"बसेल, पण तोंड कुठं होईल? स्वयंपाकघराकडं!"

"स्वयंपाकघरात कोण आहे?"

"आई."

"मग?" आणि फोन कट झाला. पावसानं झाला की त्यांनी ठेवला, हेही मला माहीत नाही.

आम्ही पाट उचलून वळवला. खांबांमधून तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला. पुढच्या बाजूनं बोटभर बाहेर आला, त्याला काही हरकत नव्हती. पण दरवाजातून येणाऱ्या माणसाला गणपतीचा कान दिसत होता, आणि देव दारातून सरळ आईच्या चुलीकडे बघत होता.

आत आईच्या हातात मोदकाची पारी होती. तिनं मान वर केली. पारी तशीच हातात धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"अगो बाय," ती वहिनीला म्हणाली, "माज्याकडं बघतोय की गो."

"आई, हे चुकून झालंय," दादा म्हणाला. "पाट नीट बसलेला नाही. आपलं ठरलं होतं..."

"काय ठरलं व्हतं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. आमचं ठरलेलं आईला कुणी सांगितलं नव्हतं, असं आम्हाला वाटत होतं.

"पाट नीट बसला तर गणपती हितं," आई म्हणाली. "हेच ना? मग हालवून बघ. हालतोय?"

दादानं वाकून पाट हलवला. एकदा, पुन्हा एकदा, मग जोर लावून. पाट हलला नाही. मालकांची सुताएवढी फट.

"नाय हालत," तो म्हणाला. बारा महिने डोंबिवलीत राहणारा माणूस, पण त्या वेळी त्याच्या तोंडून 'नाय'च आलं.

"मग बसला," आई म्हणाली आणि पारीत सारण भरायला घेतलं.

वहिनी हळूच म्हणाली की तिकडं पूर्व आहे, पूर्वेला तोंड चालतं. त्या वर्षी आरतीला आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीनं उभे होतो. घंटा वाजवताना दादाचं कोपर माझ्या बरगडीत, आणि मागे आई चुलीपाशी बसून टाळ्या वाजवत होती. मोदकपात्रावरचं झाकण तेवढं थडथडत होतं.

विसर्जन झाल्यावर मी शहानिशा करायला निघालो. आधी मूर्तिकार. तो म्हणाला, "तुमचे मालक स्वतः आलेले ना? त्यांनीच तोंड कुठं ते दाखवलं. कानामागं पेन्सिलवाले."

मग महाडला परतल्यावर मालक. "मी?" ते म्हणाले. "मी तर त्याला खालची खूण बघ म्हणालो."

"तो म्हणतो तुम्ही बोटानं दाखवलंत."

"बोटाला जाडी असते," मालक म्हणाले. "त्यानं कुठली बाजू धरली, मी काय सांगू?" आणि रंधा चालवायला लागले.

काकूंना विचारलं, तर त्या लोणच्याची बरणी फिरवत म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या मनात काय हाय ते मला लग्नापासून नाय कळलं. तुमी कशाला हातपाय मारता?"

पुढच्या वर्षी पाट कारखान्यात द्यायची वेळ आली तेव्हा मी तो पुन्हा पडवीत नेला. विचारलं, आता खूण कुठं करू? वर का खाली? चाकूनं का कशानं? मालकांनी पाट मांडीवर घेतला, हातानं पुसला. मग त्यांनी कानामागून पेन्सिल काढली. मी पुढं वाकलो, काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टोक जिभेला लावलं आणि पाटाच्या वर, अगदी दर्शनी बाजूला, एक मोठा ठळक बाण काढला. कुणाकडे, हे मला विचारलंसुद्धा नाही.

"पण विसर्जनाला पाट पाण्यात जाणार," मी म्हणालो. "हे पुसून जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा काढावा लागेल."

"हो," ते म्हणाले, आणि पेन्सिल परत कानामागे अडकवली.

ते का हो म्हणाले, हे विचारायचं राहून गेलं. आता मालक नाहीत. पडवीत काकूंची लोणच्याची बरणी अजून फळीखाली टांगलेली आहे. खाली उतरवून घ्या म्हटलं, तर म्हणतात, "असूंदे, झाकान हातात नाय बसत आता."

बाण दरवर्षी पुसला जातो आणि दरवर्षी काढावा लागतो. पाट द्यायची वेळ आली की हल्ली दादा सुट्टी काढून येतो, पाट माजघरात मांडतो, पेन्सिल हातात घेतो आणि आत बघून ओरडतो, "आई, यंदा कुठं बसनार गो?"

"हितंच," आतून आई म्हणते.